नको म्हटलं आणि मांजर आलं

मित्रांनो, मी चिपळ्यांची एक जुनी जोडी आहे. माझे तुकडे दोन, पण जीव एकच, म्हणून मी स्वतःला 'आम्ही' म्हणत नाही. मोहोळच्या तिप्पण्णा सुतारांनी मला शिसवी लाकडातून घडवलं. टोकाला पोपटाची चोच कोरली, पोटात पितळी चकत्या बसवल्या आणि मला वळसंगच्या वीरभद्रप्पा कीर्तनकारांच्या हाती दिलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. भस्माचे पट्टे ओढलेला तो हात माझ्यावर मिटला आणि माझा जन्म सार्थकी लागला.

काय सांगू ते दिवस! श्रावणात आज या गावी तर उद्या त्या गावी. आप्पा मराठीत ओवी म्हणायचे, मधेच कानडी वचन घ्यायचे. ते निरूपण करत तेव्हा मी नुसती कुजबुजायची. आख्यानात महादेव रागावले की मी कडाडायची. आणि भक्ताच्या दुःखाने बायाबापड्यांचे डोळे भरले, की आप्पा मला छातीशी धरायचे. मग मी अगदी गप्प. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी चंद्रव्वा खोबरेल तेलाचा बोळा माझ्यावरून फिरवायच्या. देवाच्या फोटोखालची जागा माझी होती.

मग घरात फोन आला.

आप्पांची मुलगी सिद्धेश्वरी जपानमध्ये, ओसाकाला नोकरी करते. तिने तो पाठवला. आप्पांचं मनगट दुखतं म्हणून तिने त्यात तंबोरा भरला, टाळ भरला आणि मित्रांनो, चिपळ्यासुद्धा भरल्या! शिवाय तो परक्या भाषा बोलायचा. देवाच्या फोटोखाली आता त्याची वायर आली आणि मी कपाटावर गेले. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. त्याला ना चोच, ना पितळ. बोट लावलं की उजेड पाडतो, एवढंच.

तेवढ्यात ओसाकातल्या मराठी मंडळींनी आप्पांना कीर्तनाला बोलावलं. सिद्धेश्वरी म्हणाली, फोनवर ताल लावून कीर्तन करून बघा. जमलं तर चिपळ्या कायमच्या शोकेसमध्ये ठेवू. आप्पा म्हणाले, "बघू की." त्या 'बघू की'ने माझी झोप उडाली. शोकेस म्हणजे काचेतला तुरुंग. तिथे धूळ बसत नाही आणि हातही लागत नाही. तरी सवयीने आप्पांनी मला झोळीत घेतलं म्हणून मी विमानात बसले. फोन मात्र त्यांच्या खिशात, काळजापाशी.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी सोमवार होता. आप्पांचा उपवास. सिद्धेश्वरी कचेरीत गेली होती. दुपारी आप्पांना नुसतं दूध घ्यावंसं वाटलं म्हणून ते आणि सोबत आलेल्या चंद्रव्वा मला झोळीत घेऊन जवळच्या छोट्या खानावळीत गेले. मालकीणबाई चंद्रव्वांच्याच वयाच्या, हसतमुख. आप्पांनी ऐटीत फोन पुढे केला आणि त्यात म्हणाले, "मला उपवास हाय. दूध मिळंल का?"

फोन जपानीत काहीतरी बोलला. ते ऐकताच बाईंची धांदल उडाली. त्या धावत आत गेल्या, धावत बाहेर आल्या. चिनीमातीचा वाडगा ठेवला, काड्या ठेवल्या, पाणी ठेवलं आणि घड्याळाकडे बोट दाखवून वाकून माफी मागितली. वाडग्यात लांब शेवया होत्या आणि वर माशाचे पातळ पापुद्रे वाफेने हलत होते. दूध कुठेच नव्हतं.

आप्पा सात पिढ्यांचे शाकाहारी. त्यांनी फोन बाजूला ठेवला. मला वाटलं, आता याची खरी किंमत कळली! आप्पांनी सरळ आपल्या बोलीत विचारलं, दूध हाय का? बाई तत्परतेने म्हणाल्या, "हाय!"

आप्पांचा चेहरा उजळला. "अगं, ह्या तर आपल्या वळसंगच्याच निघाल्या की," ते चंद्रव्वांना म्हणाले. पण बाई जागच्या हलेनात. त्यांनी वाडगाच आणखी पुढे सरकवला. आप्पा हात हलवत म्हणू लागले, नको, नको.

बाईंना मोठा आनंद झाला. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेल्या, तिथे झोपलेलं गलेलठ्ठ पांढरं मांजर उचललं आणि अलगद आप्पांच्या मांडीवर आणून ठेवलं.

चंद्रव्वा माहेरच्या अक्कलकोटकडच्या. घाबरल्या की कानडीच बोलतात. मांजर पाहून त्या "बेड, बेड" करायला लागल्या. कानडीत बेड म्हणजे नकोच. बाईंनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं, लगबगीने दोन उशा आणल्या आणि बाकावर मांडून त्यांना आडवं व्हायची खूण केली.

मांजर मात्र आप्पांच्या मांडीवरून झोळीत शिरलं आणि माझ्यावर पसरलं. फोन कमी होता म्हणून आता हे! आप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात माझा होता, मित्रांनो.

शेवटी आप्पांनी फोन लावून लेकीला बोलावलं. सिद्धेश्वरी धावत आली तेव्हा उलगडा झाला. फोनने उपवासाचं आधी इंग्रजी केलं, 'फास्ट'. पुढे जपानीत नेताना त्याचं झालं, 'मी फार घाईत आहे.' त्या धांदलीत दुधाचं बाईंनी ऐकलंच नाही. तिकडे 'हाय' म्हणजे 'होय, ऐकतेय'. 'नेको' म्हणजे मांजर. आणि 'बेद्दो' म्हणजे पलंग. हे ऐकून मालकीणबाई डोळे पुसून पुसून हसल्या. मग दूध आलं, गरम, वर एक केळं. पैसे घ्यायला त्या तयारच होईनात. निघताना सिद्धेश्वरीने आप्पांच्या फोनमध्ये मांजराचा फोटो काढला.

दुसऱ्या संध्याकाळी कीर्तन. व्यासपीठावर फोन ठेवलेला, मी झोळीत. खरं तेच सांगते, पूर्वरंगात त्याने एक मात्रा चुकवली नाही. माझ्यासारखा तो घामाने निसटत नव्हता, थकत नव्हता. आप्पांचा हात मोकळा, आवाज मोकळा. सिद्धेश्वरी आईकडे बघून मान डोलवत होती. मी काचेचं कपाट डोळ्यांसमोर आणून बसले.

उत्तररंगात आप्पांनी दृष्टांत घेतला तो खानावळीचा. "देवाकडं आपण काय मागतो आन् आपल्या पदरात काय पडतं! म्या नको म्हणलं, तर मांजर मांडीवर आलं!"

लोक पोट धरून हसू लागले. पोरं तर लोळायची राहिली. पण फोन? त्याचं आपलं टक टक चालूच. हशा संपायच्या आत सम येऊन गेली. आप्पांनी पुढचं पद उचललं ते अर्ध्यातून, परत थांबले, परत उचललं. हशा उसळायचा आणि फोन त्याच्या अंगावरून सरळ चालत जायचा.

आप्पांनी फोन बंद केला. त्यांनी झोळीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि लेकीकडे पाहत म्हणाले, "सिद्धेश्वरी, ह्याला ताल येतो, पर थांबता येत न्हाय गं. माणसं हसत्यात, रडत्यात. त्यांच्यासाठी कुणीतरी थांबाया पायजे."

मग ते थांबले. मीही थांबले. शेवटच्या मुलाचं हसू विरेपर्यंत आम्ही वाट पाहिली आणि मगच मी बोलले. त्या गजरात सिद्धेश्वरीने टाळ्यांचा ठेका धरला. पुन्हा तिने शोकेसचं नाव काढलं नाही. आप्पांचं मनगट दुखतंच, पण आता कीर्तनाआधी ती व्हिडिओवर त्यांना मलम चोळायला लावते.

वळसंगला परतल्यावर शेजारीपाजारी जमले. सगळ्यांना बघायचा होता तो फोनमधला मांजराचा फोटो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते मांजर आपलं नुसतं झोपलं होतं, आणि कौतुक मात्र त्याचं!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य किंवा आजोबांची एखादी वस्तू असेल. तिला काचेत कोंडू नका. तिला तेल लावा, तिच्या सैल चकत्या घट्ट करा आणि रोज थोडं तरी हाताळा. हात लागला की आम्ही झिजतो हे खरं, पण हात नाही लागला तर आम्ही मरतो. नव्या वस्तू जरूर आणा, त्यांचं कौतुकही करा. फक्त आमच्यासमोर करायचं असेल, तर जरा हळू आवाजात करा.