जीपच्या पोटातला आवाज

आवाज मी शोधला. नत्थू मिस्त्रींनी नाही, बाबांनी नाही, नववीतल्या वच्छलेनं. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या कॅम्पात आता जो तो म्हणतो, मला पहिल्यापासून संशय होता.

माझे बाबा, तेजराम, कारखाना बांधणाऱ्या एका रशियन साहेबांची जीप चालवतात. भंडाऱ्याकडची शेती सोडून ते आधी राजहऱ्याच्या खाणीत दगड भरायला आले. दोन वर्षांनी हातात स्टिअरिंग आलं, तेव्हा मायनं अख्ख्या लाईनीत गूळ वाटला होता. आणि यंदा पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये आवाज सुरू. खुळखुळ, खुळखुळ, मग टण्ण.

साहेबांना वाटलं, स्टिअरिंग तुटतंय. ते समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून बसायला लागले. नत्थू मिस्त्रींनी तीन दिवस बोल्ट आवळले, सायलेन्सर तारेनं बांधला, स्प्रिंगचे पाटे ठोकून पाहिले. आवाज तसाच. शेवटी साहेबांनी दुभाष्याकडून सांगितलं, सोमवारी आवाज आला तर गाडी दुसरी आणि ड्रायव्हरही दुसरा. म्हणजे बाबा पुन्हा खाणीत, आम्ही त्यांच्यामागे, आणि माझी शाळा इथंच सुटणार.

रविवारी दुपारी बाबा जीप घेऊन जेवायला आले. ताटावर बसले, पण भाताला हात लावेनात.

"बाबा, आवाज केव्हा येते?" मी विचारलं.

"येते तेव्हा येते. तुले काय करायचं हाय?"

"खड्ड्यात येते का?"

"खड्ड्यात..." ते थांबले. "नाई, खड्ड्यात कमीच. ब्रेक मारला का येते. निघालो का येते."

"आन् गाडी उभी, इंजन चालू, तेव्हा?"

"तेव्हा चूप."

बस थांबली की आपण पुढे का जातो, हे बाईंनी गेल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते आठवलं.

"मंग ते ढिलं नाई. ढिलं असतं तर इंजनासंगं थरथरलं असतं. ते मोकळं हाय. आतमधी काहीतरी घरंगळून राहिलं."

"नत्थू मिस्त्रीले पंधरा वर्सं झाली या कामात," माय म्हणाली. "आन् तू परवा सायकल शिकली."

"शिकली ना?"

बाबा उठले. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "चाल."

तळ्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर मी जीपच्या मागच्या भागात पालथी पडले, पत्र्याला कान लावून. बाबांनी ब्रेक मारला. खुळखुळ माझ्या पायांखालून निघालं, कानाखालून गेलं आणि पुढं टण्ण. निघालो, तर उलटं. पुन्हा मारायला लावला, मग पुन्हा. माझ्या हनुवटीला अजून खरचटलेलं आहे. सगळं डाव्या बाजूला होतं. तिथं खाली लांबच लांब पोकळ लोखंडी पट्टी आहे आणि पुढच्या बंपरजवळ तिला दोन बोटं जातील एवढं भोक आहे.

"त्या पट्टीत गोटीसारखं काहीतरी हाय," घरी येऊन मी सांगितलं. "पण भोकातून आत गेलं कसं?"

पोळ्याला गावाहून आलेले आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, कोपऱ्यात सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"पितळेचं हाय का?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"पितळेचं कावून म्हणता?" बाबांनी विचारलं.

आबाजींनी धोतराच्या सोग्यानं अडकित्ता पुसला. तो स्वच्छच होता. "पोळ्याच्या दिवशी तू जेवत होता. चांद्या विकला, मंग आता घरचा बैल हाच नाई का? मी कुंकू लावलं, तू म्हणे सरकारी गाडी हाय, पुसा. पुसलं. मंग चांद्याच्या गळ्यातलं घुंगरू होतं, ते भोकात सोडलं, तुले दिसू नोये म्हणून. दोऱ्यानं बांधलं होतं."

"दोऱ्यानं," बाबा म्हणाले.

"बैलाच्या गळ्यात धा वर्सं टिकला तो दोरा."

मला हसू आवरेना, पण बाबांचं तोंड बघून मी पदर नसताना पदर तोंडात घातल्यासारखं केलं. मग तळ्याच्या उतारावर जीप नाक खाली करून लावली. बाबांनी पट्टीवर पान्यानं ठोकलं, घुंगरू घरंगळत भोकापाशी आलं, आणि माझ्या दोन बोटांनी ते बाहेर काढलं. बाबांची बोटं जातच नव्हती.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं दारातच उभे. बाबा आले, टोपी काढली, लोटाभर पाणी प्यायले.

"काय म्हणे साहेब?" मायनं विचारलं.

"काय म्हणन. कुम्हारीपर्यंत दांडी धरून बसला होता. मंग हात सुटला. रायपूर येईपर्यंत घोरून राहिला. आता उद्या सकाळी सातले गाडी लाव म्हणे."

आबाजींनी हळूच विचारलं, "घुंगरू फेकलं का?"

बाबांनी खाकी शर्टाचा खिसा उघडून दाखवला. घुंगरू आत होतं, पोटात कापूस कोंबलेलं.

मग त्यांनी भात मागितला. तीनदा.