काळ्या पट्टीखाली

चिकटपट्टीची कड एका बाजूने सुटली होती आणि तिच्याखाली नखाएवढा काळा उंचवटा दिसत होता... दिसत होता म्हणजे दिनानाथला दिसत होता, कारण कुठे बघायचं ते या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. लॅपटॉप पडवीतल्या स्टुलावर, समोर निकेत, आणि दिनानाथ खाली भिंतीला टेकून सुपारी कातरत. त्यामुळे लॅपटॉपची पुढची कड बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर. बसायला दुसरी जागा नव्हती असं नाही. पण सकाळपासून तो तिथंच होता, आणि अडकित्त्यात सुपारीपेक्षा बोटच जास्त येत होतं.

निकेत आठ बोटांनी टाइप करत होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेल्या पावसाळ्यात जेट्टीवर साखळीत गेलं. ठेकेदाराने दवाखान्याचं केलं आणि त्याला घरी बसवलं. उद्या दहा वाजता त्याची ऑनलाइन परीक्षा होती. पास झाला तर घरी बसून कॉम्प्युटरवरचं काम. त्या हाताला झेपेल असं दुसरं काम सगळ्या चौल गावात कुणी दाखवावं. परीक्षा मोबाइलवर उघडत नाही, आणि पोफळींच्या या खळग्यात मोबाइलला रेंजही नाही. पोचतं ते शेजारच्या प्रीतमच्या होमस्टेचं वायफाय, तेही पडवीपर्यंतच. म्हणून सहा वर्षांनी माळ्यावरून हा लॅपटॉप खाली आला होता. सेकंडहँड घेतलेला, विंडोज झेपेना म्हणून निकेतने स्वतःच लिनक्स घातलेला. चार दिवस खटपट करून त्याने बाकी सगळं चालू केलं होतं. नेटवर्क कार्ड तेवढं जागं होत नव्हतं.

तेव्हाही झालं नव्हतं.

तेव्हा, म्हणजे वादळाच्या आदल्या वर्षी, निकेत वीस वर्षांचा, दिवसभर याच पडवीत हे डबडं मांडीवर घेऊन. आणि वाडीत सुपारी उतरवायला माणूस मिळेना. हाका मारून दिनानाथचा घसा बसला. पोरगा आंघोळीला गेल्यावर त्याने रागारागाने ते उचललं, आपटणार होता, आपटवेना, निदान बंद तरी करू म्हणून उलटंपालटं करताना तडा झाकायला विकणाऱ्याने मारलेल्या काळ्या पट्टीखाली अंगठ्याला काहीतरी लागलं, सरकलं, आणि वरचा निळा दिवा विझला. एवढंच. एवढंच कसं... दुपारी निकेत म्हणाला नेट गेलं, आणि दिनानाथला बरं वाटलं. चला, दोन दिवस तरी वाडीत येईल. तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यवती बायको म्हणून नव्हे, आई म्हणून त्याच्यापुढे उभी राहिली. "अहो, पोराची दहाला परीक्षा हाय. पुण्याची नोकरी हाय. आनि त्याचं ते नेट लागत न्हाय." तेव्हा नऊ वाजले होते. म्हणजे तासभर होता, आणि अंगठा सरकवायला तासभर लागत नाही. आणि दिनानाथ उठला नाही — छे, मनाशी तरी खोटं कशाला बोला — मी उठलो नाही. पोरगं पुण्याला गेलं की वाडी गेली, असं मला वाटलं. असाच अडकित्ता घेऊन अंगणात बसलो, आणि पडवीत निकेत बटणं बडवत राहिला, दहा वाजले, साडेदहा वाजले, मग आवाज थांबला. तो रडला असता तर कदाचित सांगितलंही असतं. तो रडला नाही. उठून जेवला आणि दुपारी मुकाट्याने वाडीत आला.

पुढच्या जूनमध्ये वादळ आलं आणि तीनशे पोफळींतल्या चाळीस उभ्या राहिल्या. ज्या वाडीपायी पोराला अडकवलं ती वाडीच एका दुपारीत आडवी. मग निकेत जेट्टीवर गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं मात्र आलं ते निकेतच्या हाती.

"बाबा."

अडकित्ता थांबला.

"काल मी फोरमवर विचारलं होतं. एक जण म्हणतो, कार्ड ठीक आहे, पण ते बाहेरून बंद केलंय. अशा जुन्या लॅपटॉपला कडेला बटण असतं म्हणे." निकेतने लॅपटॉप उचलून डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, मागून बघितला. पुढच्या कडेला नुसती काळी पट्टी. "याला तर बटणच नाही. तुम्ही बघितलंय का कधी?"

आता. याहून सरळ कोण विचारणार? हो म्हण. हे बघ म्हण, आणि बोट दाखव... मग तो विचारेल, कोणी बंद केलं? कधी? पोरगा काही खुळा नाही. मागे मोजत मोजत बरोबर त्या सकाळी नऊला येऊन उभा राहील.

"मला काय कळतंय त्यातलं," दिनानाथ म्हणाला. आवाज नेहमीसारखाच निघाला, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. खोटंसुद्धा लोणच्यासारखं मुरतं.

"दत्ताला नवस बोललेय मी," सत्यवती आतून म्हणाली. "डोंगर चढून येईन म्हनून. लागंल."

"तुझे गुडघे बघ आधी," निकेत म्हणाला आणि उठला. "रस्त्यावर रेंजमध्ये जाऊन येतो. कोणी अजून काही सांगितलंय का बघतो. हे रीस्टार्टला लावलंय. हात लावू नका."

हात लावू नका! हे सहा वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर, राजा...

फाटक वाजलं. दिनानाथने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. आता सरकवलं तर पोराची उद्याची परीक्षा वाचते. न सांगता सरकवलं तर आपणही वाचतो. दोन्ही एकाच अंगठ्यात बसतंय, हेच ओंगळ होतं. त्याने सरकवलं. निळा दिवा लागला, किती सहज लागला मेला, आणि दिनानाथने सुटलेली कड थुंकीने चिकटवली आणि लगबगीने विहिरीकडे गेला. हात धुतले. पुन्हा धुतले.

"लागलं! आई, लागलं!"

ते जेट्टीवर जाण्याआधीचं ओरडणं होतं. सत्यवतीने साखर आणून निकेतच्या तोंडात घातली, दिनानाथच्याही घातली. तो तशीच जिभेवर ठेवून उभा राहिला.

"काल मी एक कमांड टाकली होती ना, तीच. रीस्टार्ट हवा होता फक्त." निकेत हसत होता. मग हळूहळू त्याचं हसू उतरलं. "एक ओळ होती, बाबा. सहा वर्षं मी म्हणत आलो, लॅपटॉपच भंगार होता. चांगला होता तो. मलाच येत नव्हतं. तेव्हा ही एक ओळ सुचली असती तर..." त्याने डाव्या हाताकडे बघितलं. "जाऊ दे. मीच ढ."

"तू ढ न्हायस रं," सत्यवती म्हणाली.

दिनानाथने साखर गिळली. त्याला वाटलं आता तोंड उघडेल, आपोआप उघडेल, एवढं ऐकल्यावर दगडाचंही उघडेल. उघडलं नाही.

निकेतने वही घेतली, डाव्या हाताच्या तीन बोटांनी पान दाबून धरलं आणि ती ओळ सावकाश उतरवली, खाली दोन रेघा मारल्या. "ही तुमच्या पेटीत ठेवा. परत कधी गेलं तर हेच करायचं."

दिनानाथने वही घेतली. इतकी वर्षं पकडलं जाण्याची भीती होती, आणि तिच्याबरोबर कसं जगायचं ते जमलं होतं. जेवताना, झोपताना ती शेजारी असायची. आता ती गेली. आता कोणी शोधणारच नव्हतं. गुन्हा कबूल झाला होता, पोराच्या अक्षरात, निळ्या शाईत.

"निकेत."

"काय?"

"उद्या मी इथंच बसतो. तुझ्याशेजारी."

"बसा की," निकेत म्हणाला, आणि स्टुलावरचा लॅपटॉप उचलून त्याने मांडीवर घेतला, पूर्वी घ्यायचा तसा. त्याचा अंगठा बरोबर त्या पट्टीवर टेकला. दिनानाथ बघत राहिला, आणि वाटू नये ते त्याला वाटलं, की सरकू दे. आत्ता सरकू दे, माझ्यादेखत, आणि कळू दे त्याला. उद्या दहाला नको.