मिक्सरशेजारचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जेवणाच्या टेबलावर मिक्सरशेजारी बसतो आणि उकडलेल्या गाजराचे डाग अंगावर मिरवतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काय तोरा होता! या घरची सून तेव्हा ऑफिसात जायची. ती मला मऊ फडक्याने पुसायची. "काय पळतो हो हा!" असं लोक म्हणायचे. पुढे तिला बाळ झालं, तिने नोकरी सोडली आणि माझी बॅटरीही गेली. वायर निघाली की माझा प्राण निघालाच म्हणून समजा. मग माझ्या पाठीवर बाळाची दुपटी वाळू लागली.

बाळ पावलं टाकू लागलं, तशी तिला जुनी नोकरी परत हवीशी झाली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हल्ली आम्ही पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर वापरतो. तो चालवून दाखव, मग बघू."

झालं! बाळाचा डोळा लागला की ती मला उघडायची आणि तो सर्व्हर डेव्हलपमेंट मोडमध्ये, म्हणजे सरावापुरता, चालू करायची. त्यात कुलपं-किल्ल्यांची कटकट नसते. मात्र घातलेलं सगळं नुसतं माझ्या आठवणीत राहतं. बंद पडलो की पाटी कोरी.

आणि मी बंद पडणार नाही तर काय! भिंतीत प्लगची जागा एकच. नातवाचं गाजर वाटायचं असलं की सासूबाई माझी वायर उपसून मिक्सरची खोचायच्या.

"आई, अहो, सगळं पुसलं गेलं!"

"अगं, तूच म्हणालीस ना, ही भातुकली आहे म्हणून? मांड परत."

ती दात-ओठ खात परत मांडायची. कधी सासूबाई, कधी बाळ. वायर ओढणाऱ्यांचा घरात तोटा नव्हता.

परीक्षेचा दिवस उजाडला. फोन बरणीला टेकवून तिने मॅडमना माझा पडदा दाखवला. सर्व्हर चालू, पासवर्ड आत, मॅडमची मान डोलतेय... आणि खस्सकन माझी वायर उपसली गेली! माझ्या डोळ्यांपुढे अंधार.

जागा झालो तेव्हा सासूबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "मेली मी, सवयीनं गं..."

"काय झालं?" फोनमधून मॅडम.

"सरावाचा सर्व्हर आहे, मॅडम. बंद पडला की कोरा होतो." सून म्हणाली. "परत उभा करू?"

मिक्सरच्या घरघरीने उठलेलं बाळ कडेवर आणि एक हात माझ्यावर. पण ती बोटं कुठे म्हणून अडली नाहीत! इतक्या वेळा मोडलेली भातुकली त्यांना तोंडपाठ झाली होती. सासूबाई भिंतीतला माझा प्लग हाताने दाबून धरून पहाऱ्याला उभ्या.

"सोमवारपासून ये," मॅडम हसल्या. "फक्त आमचा खरा सर्व्हर मिक्सरपासून लांब ठेव."

तिला ऑफिसचा नवा लॅपटॉप मिळाला. मला वाटलं, आता पुन्हा दुपटी! पण सासूबाईंनीच मला पुसलं. "ती भातुकली मलाही शिकव गं," म्हणाल्या. आता रोज दुपारी त्या माझ्यात आपल्या जाऊबाईंच्या तक्रारी लिहितात. अगदी मनसोक्त. मग सुनेला फोन करतात, "नक्की पुसतं ना?" आणि स्वतःच्या हाताने वायर काढतात. काय ते समाधान चेहऱ्यावर!

तर मित्रांनो, जुन्या यंत्राला अडगळ समजू नका. कुणाचीही वायर काढण्याआधी एक हाक मारा. जाऊबाईंबद्दल मात्र मला काही विचारू नका. मला खरंच आठवत नाही.