ताईने सांगितलेला सिनेमा

"हा उडणार कधी?" आभाळ्याने विचारलं.

टीव्हीला वायर जोडून शेजारी बसलेली त्याची लेक जरा चाचरली. "बाबा, मी आधी थोडा बघून ठेवला होता. हा उडणारा नाहीच. हा नुसता पळतो."

पडद्यावर मुखवटा घातलेला, पोट सुटलेला एक वीर गल्लीतून धापा टाकत धावत होता. पाठीवरचं कापड त्याच्या पायात येत होतं. सिनेमा काळा-पांढरा होता. आभाळ्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रंग काही आले नाहीत.

आभाळ्या टॉवर क्रेन चालवायचा. उभा जन्म त्याने बांधकामाच्या डोक्यावर, काचेच्या खोपटात बसून लोखंड उचलण्यात घालवला होता. साइटवर हे नाव त्यामुळेच पडलं. पहिल्यांदा वर चढताना पाय कसे लटपटले नाहीत, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, लहानपणीच वर जाऊन आलोय. मग तो सिनेमा सांगायला बसायचा. वीराचा निळाशार शेला, शहरावरून घेतलेली झेप, खाली माळ तुटून मणी सांडावेत तसे दिवे. ढगातून बाहेर आला की वीराच्या मिशा ओल्या व्हायच्या आणि तो त्या शेल्याने पुसायचा. या मिशांच्या गोष्टीवर लेकीचं अख्खं बालपण जेवलं होतं. त्याच लेकीने आता कुठून कुठून शोधून हा सिनेमा मिळवला होता, आणि रविवारी दुपारी आत्याकडेच बघायचा हट्ट धरला होता. लहानपणी सिनेमाला गेले त्या दिवशी बाबांबरोबर आत्याच तर होती.

आत्या, म्हणजे त्याची ताई, खिडकीशी मशीनवर कुणाचीतरी उसवलेली पिशवी शिवत होती. इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी आणि डॉक्टरांचे डगले शिवण्यात तिची नोकरी गेली. निवृत्त झाली तरी हात काही स्वस्थ बसत नव्हते. बोलण्यात मात्र भारी काटकसर. एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्चायची नाही. लग्न ठरलं तेव्हा "बरा आहे" म्हणाली होती, आणि नवरा वारला तेव्हा फोनवर फक्त "गेले."

आभाळ्याने तो सिनेमा पाहिला नव्हता, ऐकला होता. हे तो कुणापासून लपवत नसे. दुसरीत असताना घराला सफेदी चालली होती आणि कालवलेला चुना त्याच्या दोन्ही डोळ्यांत उडाला. डोळ्यांवर पट्ट्या आल्या. नेमका त्याच दिवसांत वडिलांच्या कारखान्यात कामगारांच्या मुलांसाठी सिनेमा लागणार होता. ताईने त्या सिनेमाचा इतके दिवस जप चालवला होता की आई वैतागली होती. आई म्हणाली, तू एकटी जा, हा राहील घरी. त्यावर याने जे भोकाड पसरलं, त्याने चाळ गोळा झाली. शेवटी ताई त्याला हाताला धरून घेऊन गेली. सभागृहात त्याला जवळ ओढून, कानाला तोंड लावून तिने सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं सांगितलं. तिचा गरम श्वास अजून त्याच्या कानात होता.

पडद्यावर वीर आता भिंतीवरून उतरत होता. त्याच्या कमरेचा दोर स्वच्छ दिसत होता, आणि वर तो सोडणाऱ्याचा हातसुद्धा. लेकीला हसू आवरेना.

त्या हसण्याने आभाळ्या दचकला. तेव्हाही सगळं सभागृह असंच खदखदलं होतं. त्याने घाबरून विचारलं होतं, हे सगळे का हसतायत? आणि ताई कानात म्हणाली होती, तो आपल्या डोक्यावरून उडत गेला ना, म्हणून पोरं खूश झालीत. वाराही लागला होता त्याला. केस हलले होते. आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, ती ताईची फुंकर होती.

त्याने लेकीला सिनेमा थांबवायला सांगितलं. खोलीत मशीनचाच आवाज उरला, मग तोही थांबला.

"ताई, तू सांगितलेलं काहीच नाहीये यात," तो म्हणाला. "शहर नाही, ढग नाहीत. याला तर मिशाही नाहीत."

"नाहीत," ताई म्हणाली.

"मग ते सगळं?"

ताईने सुईखालून कापड सोडवलं, दोरा तोडला. लेक एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत राहिली.

"सिनेमाच्या आदल्या दिवशी डॉक्टर आपल्या बाबांना म्हणाले होते, पट्टी निघेल तेव्हा कळेल. दिसेल, न दिसेल," ती म्हणाली. "मी दाराशी उभी होते. तुला कुणी सांगितलं नव्हतं."

आभाळ्याचा हात चष्म्याकडे गेला.

"सिनेमा सुरू झाला तर हा असा. दोर दिसतोय, पोरं टिंगल करतायत. म्हटलं, हे काय सांगायचं याला? पुढे नाहीच दिसलं तर याला जन्मभर हाच एक सिनेमा पुरवायचा. मग जरा बरं सांगितलं." मग सवयीने हिशेब मिटवावा तशी म्हणाली, "दिसलं तुला. झालं."

क्रेनच्या खोपटातून त्याने पहाटेचं शहर धुक्यातून वर येताना पाहिलं होतं, पायाखालून पाखरांचे थवे जाताना पाहिले होते. दर वेळी वाटायचं, हे आपल्या ओळखीचं आहे, आपण इथे येऊन गेलोय. आणि हे सगळं सहावीतल्या एका पोरीने, स्वतः कधी दुसऱ्या मजल्याच्या वर न गेलेल्या पोरीने, पोटातली भीती दाबून, कुजबुजत्या आवाजात रचलं होतं. समोर बसलेल्या या बाईने, जिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं. इतकी वर्षं त्याने मान वर करकरून वीर शोधला होता.

"ताई, तू कधी बोलली नाहीस."

"विचारलं नाहीस."

लेकीने डोळे पुसले आणि टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली. "लाव पुढे."

"अगं आत्या, भंगार आहे तो."

"असू दे. मला बघायचाय. तेव्हा सांगण्याच्या नादात कुठे बघायला मिळाला?"

ती मशीनवरून उठली, गुडघ्यावर हात टेकत आली आणि आभाळ्याच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. लेकीने सिनेमा सुरू केला. भिंतीवरचा वीर उतरला, पळाला, एका कौलारू छपरावर चढला. समोरच्या छपरावर कुणाचं तरी तान्हं मूल अडकलं होतं आणि मध्ये एवढीशी गल्ली होती. वीराने मागे सरून पदर खोचावा तसं ते कापड कमरेला खोचलं आणि धाव घेतली.

आभाळ्या पडद्याकडे बघत नव्हता. ताईचे ओठ उघडे राहिले होते, पाठ ताठ झाली होती, शिवणाने घट्टे पडलेली बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली होती. वीराने उडी घेतली, आणि ताईने श्वास रोखून धरला.