डावीकडची भिंत

रविवारची मिस्सा आटोपून घरी आल्यावर फ्रँकने ताटांच्या आधी टेबलावर बर्फ मांडला. बर्फ म्हणजे डॉलीचा पांढरा टेबलक्लॉथ. मधोमध मिठाची बाटली, डावीकडे बोंबलाच्या लोणच्याची बरणी, उजवीकडे सिरका. अमिरातीतल्या अल ऐनच्या एका हॉटेलात लग्नाची जेवणावळ मांडून मांडून त्याचा हात असा बसला होता, की आइस हॉकीची टीमसुद्धा तो पाहुण्यांसारखी बसवायचा.

"हे मीठ म्हणजे आपला अँड्र्यू," तो म्हणाला. "सेंटर. पंच मधे पकची चकती टाकणार, ती पहिली कोण उचलणार? मीठ. पुढे चढाई कोण करणार? मीठ. आपल्या गोलवर हल्ला आला की मागे धावत कोण येणार?"

"मीठच," डॉली म्हणाली. "आणि बरणी काय, ऊन खात बसणार?"

"बरणी म्हणजे विंग. ती कडेकडेने पळते. कोणी पक दिला तर घेते, नाही दिला तर वाट बघते. आता ह्या मिठाला उचलून कडेला ठेवलं तर चव राहील का, तू सांग."

"बोंबलाच्या लोणच्याशिवाय तू जेवतोस का, ते तू सांग."

"विषय बदलू नको. वसईत मी सेंटर फॉरवर्ड खेळलोय."

"हो तर. आणि गोल तुझा चुलतभाऊ करायचा. विंगवरून."

एरवी अँड्र्यू हसला असता. आज तो ताटातलं कोळंबीचं कालवण नुसतं ढवळत होता. चोविशीचा, बापाच्या उंचीचा आणि आईच्या डोळ्यांचा हा एकुलता मुलगा अल वाहा टीमचा सेंटर होता. लहानपणी अल ऐनच्या रिंकवर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हापासून त्याची जागा मधली. आता तेच त्याचं काम होतं, पगार त्याचा होता, व्हिसाही टीमचाच होता. शनिवारी सेमीफायनल होती. आणि कॅनडाहून आलेला, मोजकं बोलणारा कोच त्याला म्हणाला होता, हल्ली तुझं लक्ष नसतं. सेंटरला डाव्या विंगचा फहद खेळेल, तू उजव्या विंगला जा. मंगळवारच्या प्रॅक्टिसला मनापासून हो म्हणून ये, नाहीतर शनिवारी बाकावर बस.

लक्ष नसतं. हे दोन शब्द डॉलीला आठवडाभर खड्यासारखे बोचत होते. कारण लक्ष होतं. डावा कान नव्हता.

नाताळच्या आधी अँड्र्यूला ताप आला होता. ताप उतरला आणि जाताना डाव्या कानातलं सगळं पुसून घेऊन गेला. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, आता तो परत येणार नाही. उजवा ठणठणीत आहे, जपून राहा. घरातल्या तिघांशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बर्फावर खेळाडू एकमेकांना हाका मारत खेळतात: दे, सोड, मागे बघ. डावीकडून आलेली हाक अँड्र्यूपर्यंत पोचतच नव्हती. गेल्या मॅचला त्याच बाजूने एक धिप्पाड गडी आदळला, आणि खांद्यावर उमटलेला वांग्याच्या रंगाचा वळ डॉलीने रोज रात्री शेकला होता.

"मी विंगला नाही जाणार," अँड्र्यू म्हणाला. "खलास. दॅट्स इट."

"शाब्बास," फ्रँक म्हणाला.

"आणि परत तसाच कोणी आदळला तर?" डॉलीने विचारलं. "बाळा, कोचला सांगून टाक ना."

"ममा, प्लीज. तू प्रॉमिस केलंयस."

"लक्ष नाही म्हणाले तर सुधारता येतं, डॉली," फ्रँक हळू आवाजात म्हणाला. "ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण ठेवेल त्याला? सीझन संपल्यावर नवीन करार आहे. सही होऊ दे, मग बघू." त्याने मिठाची बाटली उचलून पुन्हा नेमकी मधोमध ठेवली. मग आधीच सरळ असलेली ती पुन्हा एकदा सरळ केली. डॉलीने ते पाहिलं आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं. बापाची भीती मुलासमोर उघडी पाडायची नसते, एवढं तिला कळत होतं.

मंगळवारी तिची हॉस्पिटलच्या बिलिंगमधली ड्युटी लवकर संपली. अँड्र्यू रिंकला जाता जाता तिला घ्यायला आला. दुपार कलली होती. खजुरांच्या बागांवर धूळ सोन्यासारखी तरंगत होती, आणि गाडीत एसीची बारीक घरघर.

डॉलीला सवय होती, मनात ओझं असलं की ओठांवर गाणं यायचं. वसईला लग्नाच्या मांडवात बायका गात, तेव्हा तिची मोठी बहीण क्रिस्टिना ओळ टाकायची आणि डॉली ती झेलायची. टाकणारीचं नाव व्हायचं, झेलणारीच्या जिवावर गाणं चालायचं. त्याच चालीवर ती आताही खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच पुटपुटत होती. शब्द तिचेच, आत्ताचे.

वाळूच्या गं देशात, गोठलं गं अंगण
लेक माझा खेळे तिथं, पायी पोलादी पैंजण

"पैंजण?" अँड्र्यू म्हणाला. "ममा, सिरियसली? स्केट्स आहेत ते."

डॉली हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"तुला ऐकू आलं?"

"ऑफकोर्स. तू गात होतीस."

"मी ओठातल्या ओठात म्हणत होते, अँडी."

आणि तिला नाताळ आठवला. वसईत मामाची गाडी अँड्र्यूच चालवत होता. स्टेशनपासून चर्चपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली, ही वाडी अमक्याची, ती विहीर तमक्याची, आणि पोराने हूं की चूं केलं नाही. गावी आणलं म्हणून फुगून बसलाय, असं समजून तिनेही तोंड फिरवलं होतं. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे. ती त्याच्या डाव्या अंगाला बसली होती. इथे स्टिअरिंग डावीकडे. ती उजवीकडे, आणि त्याच्या गेलेल्या कानाला नुसती खिडकीची काच.

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली.

"का? बरं वाटत नाहीये?"

"घे तर."

त्याने एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. कडक चहाचा वास काचेतून आत आला. डॉलीने शब्द जुळवले. हॉकीतलं आपल्याला काय कळतं, असं वाटून ती क्षणभर अडखळली, पण मुलाचा खांदा डोळ्यांसमोर होता.

"रिंकला चारी बाजूंनी ती फळ्यांची भिंत असते ना? डाव्या विंगवाला त्या भिंतीला चिकटूनच पळतो. बरोबर? म्हणजे त्याच्या डावीकडे भिंत. डावीकडून त्याला कोण हाक मारणार? भिंत? जे काही यायचं ते उजवीकडूनच येणार. आत्ता मी बसलेय तशी."

अँड्र्यू समोर बघत राहिला.

"ममा, यू डोन्ट नो हॉकी."

"नाही कळत. चुकीचं बोलले का, तेवढं सांग."

टपरीवरच्या पोऱ्याने काचेवर टकटक केली, अँड्र्यूने हातानेच नको म्हटलं. मग स्टिअरिंगवर बोटाने एक लांबट गोल काढला आणि त्याच्या डाव्या कडेवरून बोट हळूहळू पुढे नेलं.

"मी राइट हॅन्ड आहे," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "लेफ्टवरून माझी स्टिक आतल्या बाजूला राहते. शॉट चांगला बसेल." बोट मागे आलं. "पण परत फिरल्यावर भिंत उजवीकडे येते."

"मग तेव्हा मान वळवून बघ. सगळं मीच सांगू?"

तो हसला. आठवड्यातलं पहिलं हसू. आणि ते विरता विरता त्याचा आवाज चिरकला.

"कोच मला राइट विंगला टाकतोय, ममा. तिथे माझी उजवी बाजू भिंतीला आणि सगळी टीम डावीकडे. दोन मिनिटांत सगळ्यांना कळेल. म्हणून मी सेंटर सेंटर करतोय. मधे असलं की निदान अर्धं तरी येतं."

हट्ट हट्ट म्हणून जे सगळ्यांना वाटत होतं, ते पोराने पांघरलेलं एवढंसं चादरीचं टोक होतं. मधल्या जागेचा मान त्याला नको होता. अर्धं ऐकू येणं हवं होतं.

"लेफ्ट माग," ती म्हणाली.

"लेफ्ट विंग फहदची, आणि तो सेंटरला आला की तिथे कोचने दुसरा ठरवलाय. मला ती का हवी, ते सांगावं लागेल ना. आणि सांगितलं की..."

"की काय?"

"मग मी अँड्र्यू नाही. तो कान गेलेला."

तिने त्याचा डावा कान, लहानपणी आंघोळ घालून झाल्यावर पुसायची तसा, पदर नव्हता म्हणून ओढणीच्या टोकाने हलकेच पुसला. धूळही नव्हती तिथे. मग म्हणाली, "मी वचन मोडणार नाही. हो म्हण, नाही म्हण, तुझं तू. पण मी आज आत येऊन बसणार आहे."

रिंकच्या पार्किंगमध्ये फहद आपल्या गाडीतून सामानाची बॅग काढत होता. हा अल ऐनचाच, अँड्र्यूबरोबर पहिल्या दिवशी बर्फावर पडलेला आणि रडलेला. डॉलीच्या हातचं इंद्याल, एरवी डुकराच्या मटणाचं, त्याच्यासाठी चिकनचं करून वेगळं निघायचं. त्याने लांबूनच कपाळाशी हात नेऊन सलाम केला. "आंटी." अँड्र्यूकडे मात्र त्याने पाहिलं नाही. गेले काही आठवडे असंच चाललं होतं.

अँड्र्यू गाडीपाशीच थांबला. डॉलीला वाटलं, हा आता काही बोलणार नाही. मग तो चालत गेला.

"फहद. मेरा ये कान गया."

"गया मतलब?"

"मतलब बंद. लेफ्टवाला. नाताळपासून... क्रिसमस से."

फहदने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डॉलीकडे. "आंटी, ये मज़ाक कर रहा है?"

डॉलीने मान हलवली. फहद उघड्या डिकीच्या काठावर बसला.

"मैं लेफ्ट विंग हूँ, हबीबी. हर मॅच में तेरे उसी कान में चिल्लाता हूँ. मेरा गला बैठता है, मेरी माँ शहद पिलाती है." त्याचा आवाज खाली आला. "मैं समझा, कोच ने पिछले महीने सेंटर के लिए मेरा नाम लिया, इसलिए तू जानबूझकर नहीं सुनता. मैंने उसको बोल दिया था, मुझे नहीं चाहिए सेंटर. अँडी का है."

कान लपवता लपवता अँड्र्यूने मित्रालाही दुखवलं होतं, आणि ते त्याला आत्ता कळत होतं.

"तूने मना किया?"

"गधा हूँ ना. और सुन, सेंटर मुझे चाहिए था. बचपन से. तुम लोग समझते हो विंगवाला खुश है. विंगवाला खड़ा रहता है और सोचता है, कब देगा, कब देगा."

"मी तुला किती वेळा पक दिला रे," अँड्र्यू मराठीतच म्हणाला, आणि फहदला शब्द कळले नाहीत तरी सूर कळला. त्याने अँड्र्यूला जवळ ओढलं. मग काहीतरी सुचल्यासारखा उठला, त्याला वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि अगदी हळू म्हणाला, "यल्ला, चल. कोच के पास."

कोचच्या खोलीत दोघंच गेले. डॉली काचेबाहेर उभी राहिली. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. अँड्र्यूचा हात कानाकडे गेलेला दिसला, फहदचे दोन्ही हात हवेत फिरताना दिसले, आणि कोच टोपी काढून डोकं खाजवताना दिसला. बाहेर आल्यावर अँड्र्यू म्हणाला, "उद्या टीमच्या डॉक्टरकडे. शनिवारचं तो ठरवणार. आज लेफ्टला."

"कोच रागावला?"

"म्हणाला, आधी सांगायचं होतंस. बस." तो निघता निघता वळला. "करारबिरार काही बोलला नाही, ममा. मी विचारलंपण नाही."

रिंकमध्ये गारठा होता. डॉली ओढणी डोक्यावरून घेऊन बाकावर बसली. बर्फावर मधल्या वर्तुळात आता फहद वाकून उभा होता. पक पडला, फहदने तो डावीकडे ढकलला, आणि अँड्र्यू तिथे नव्हताच. सवयीने तो मधे घुसला होता. दोघं एकमेकांवर आदळले आणि घसरत गेले. कोचची शिटी वाजली. पुन्हा. पुन्हा अँड्र्यूचे पाय मधल्या बाजूला वळले, आणि फहदने त्याला स्टिकने ढकलत कडेला नेऊन सोडलं. "उधर," त्याचा आवाज छतापर्यंत घुमला. "तेरा घर उधर है."

त्यानंतरच्या खेपेला पक कडेने आला. फहदने एकच हाक मारली. अँड्र्यू वळला, मागे कोण येतंय ते न बघताच वळला, आणि धक्का द्यायला आलेला गडी भिंतीवर रिकामा आपटला. डॉलीने धरून ठेवलेला श्वास सोडला. तोंडातून पांढरी वाफ निघाली.

मोबाइल वाजला. हॉटेलच्या किचनमधल्या भांड्यांचा आवाज आणि त्यावर फ्रँक.

"काय ठरलं? सेंटर ना?"

"त्याने सांगितलं, फ्रँक."

"काय सांगितलं?"

"कानाचं. फहदला. मग कोचला."

भांड्यांचा आवाज लांब गेला. तो बहुतेक बाहेर कॉरिडॉरमध्ये आला होता.

"कोणी सांगायला लावलं?"

"कोणी नाही. मी नुसती बरोबर होते."

"आणि व्हिसा? करार?"

"माहीत नाही रे."

फोनमध्ये फ्रँकची येरझार ऐकू येत राहिली. डॉलीनेही घाई केली नाही. एवढ्या वर्षांत तिला त्याचं न बोलणंही ऐकू येऊ लागलं होतं. शेवटी घसा साफ करून त्याने विचारलं, "खेळतोय कसा?"

"चुकतोय. सारखा मधे जातोय. फहद त्याला ढकलून ढकलून परत पाठवतोय."

"हसतोय का?"

डॉलीने बर्फाकडे पाहिलं. हेल्मेटच्या जाळीतून काही दिसत नव्हतं. पण खांदे हलत होते.

"हो."

"मी निघतो," फ्रँक म्हणाला. "आज पार्टी लहान आहे, किचनमधला क्रिस्टोफर सांभाळेल. डावी बाजू नीट दिसेल असं कुठे बसू?"

"तू ये आधी," डॉली म्हणाली. "आणि कोट घालून ये, इथे फार गार आहे."