न वाळणाऱ्या चादरी

एकाहत्तर सालच्या आषाढात अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात कपडे वाळवायचं यंत्र आलं. राजूरच्या पुढे पावसाने धरलं की महिना महिना ऊन दिसत नाही. चाळीस खाटांच्या चादरी व्हरांड्यातल्या दोऱ्यांवर तीन-तीन दिवस लोंबत, आणि शेवटी कोळशाच्या शेगडीवर मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक वाळवावी लागे. हे काम छबूबाईचं. दवाखान्याची धुलाई ती अकरा वर्षं करत होती. परदेशातल्या कुणी देणगीदाराने यंत्र पाठवलंय हे कळल्यावर सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता.

यंत्र बसवायला नाशिकहून माणूस आला. त्याने ते कसं चालवायचं हे समजावलं स्टोअरकीपर गोरक्षनाथला, कारण गोरक्षनाथला इंग्रजी येत होतं. छबूबाई दाराशी उभी राहून बघत होती, तर गोरक्षनाथने तिला धुण्याच्या हौदावर परत पाठवलं. बटण कुठलं दाबायचं ते मी सांगेन म्हणाला. माहितीचं पुस्तक त्याने कपाटात ठेवलं आणि कपाटाची व यंत्राच्या खोलीची अशा दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या.

पहिले आठ दिवस चादरी तासाभरात कोरड्या ठाक निघाल्या. मग दीड तास लागायला लागला, मग दोन. पंधरवड्याने अशी गत झाली की चादरी गरम निघत, पण ओल्याच. हाताला वाफ लागे आणि घडी घातली की दुसऱ्या दिवशी कुबट वास. छबूबाईने गोरक्षनाथला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही नीट पिळत नाही. तिने मदतनीस साळूबाईला दुसरं टोक धरायला लावून पिळायला सुरुवात केली. मनगट सुजलं. चादरी ओल्याच.

मग गोरक्षनाथने सांगितलं की एका वेळी पाच-सहा चादरी घालून वीज फुकट जाते, सगळ्या एकदम कोंबा. छबूबाईने कोंबल्या. आत त्यांचा दोरखंडासारखा पीळ झाला. बाहेरून भाजलेल्या आणि मधे थबथबलेल्या. त्यानंतर यंत्र तापून आपोआप बंद पडायला लागलं. ते बंद पडलं की गोरक्षनाथ हौदावर येऊन विचारायचा, तुम्ही काय केलं? दिवसातून चारदा तो हेच विचारायचा. छबूबाईला वाटायचं, त्याच्या डोक्यावर ओली घोंगडी टाकावी.

कळस झाला तो स्वेटरचा. मेट्रन पुष्पावतीबाईंचा लोकरीचा स्वेटर पावसात भिजला, आणि गोरक्षनाथने आपल्या हाताने तो चादरींबरोबर यंत्रात टाकला. बाहेर आला तेव्हा पाच वर्षांच्या पोरीला बसेल एवढाच उरला होता. पुष्पावतीबाईंनी छबूबाईला बोलावून विचारलं. गोरक्षनाथ शेजारी उभा होता आणि खिडकीबाहेर बघत होता. छबूबाईने त्याचं नाव घेतलं नाही, पण बाहेर आल्यावर साळूबाईला ती म्हणाली की उद्यापासून मी शेगडी पेटवते, ते डबडं त्यालाच लखलाभ.

दुसऱ्या दिवशी ती शेगडीसाठी कोळसा आणायला इमारतीच्या मागे गेली. यंत्राची गरम हवा बाहेर सोडणारा पत्र्याचा नळ त्याच भिंतीतून निघत होता. पहिल्या आठवड्यात ती तिथे उभी राहून गारठलेले हात शेकायची. आज गोरक्षनाथने चालू करून ठेवलेलं यंत्र आत घरघरत होतं, पण नळाकडून वाऱ्याची झुळूकही नव्हती. जवळ जाऊन बघितलं तर तोंडात गोणपाटाचा बोळा ठासलेला, वरून तारेने आवळलेला.

तिने रखवालदार भिमाजीला हाक मारली. तो निवांत आला.

"म्याच लावलाय," भिमाजी म्हणाला. "स्टोअरचे भाऊसाहेब म्हनले, पावसाचं पानी मशिनीत जाईल, बुजवून टाक."

"आरं, मंग आतली वाफ जाईल कुनीकडं?"

भिमाजीने यावर विचार केलेला नव्हता.

छबूबाईने तार सोडून गोणपाट ओढलं. त्याच्यामागे कापसासारख्या करड्या तुसाचा लगदा बाहेर पडला. तिने तो चिमटीत धरला. चादरींचंच तूस. म्हणजे आतही असणार. यंत्र बंद करून ती पुढून, खालून चाचपत राहिली, तेव्हा दाराच्या कडेला एक पट्टी हलली आणि तिच्या मागून जाळी सरकत बाहेर आली. एरवी ती बाहेरून दिसतच नव्हती. तिच्यावर रजईएवढा थर बसला होता.

ती जाळी तशीच घेऊन पुष्पावतीबाईंच्या खोलीत गेली. गोरक्षनाथलाही बोलावलं. तो म्हणाला, पुस्तकात जाळीबद्दल काही नाही. पुष्पावतीबाईंनी पुस्तक मागितलं. त्याने कपाट उघडून ते टेबलावर ठेवलं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि पिशवी कारखान्यातून आली तशीच चारी बाजूंनी बंद होती.

पुष्पावतीबाईंनी कात्रीने पिशवी कापली आणि तिसऱ्या पानावरचं मराठीत सांगितलं. दर खेपेनंतर जाळी साफ करावी. अर्ध्याहून जास्त भरू नये. कपडे झटकून, मोकळे करून घालावेत. हवेचा नळ कधीही बुजवू नये. लोकर घालू नये. हे शेवटचं त्यांनी जरा सावकाश वाचलं.

"मला वाचता येत न्हाई, बाई," छबूबाई म्हणाली. "पर मला कुनी वाचून तर दावायचं."

पुष्पावतीबाईंनी माफी मागितली नाही; ती त्यांची रीत नव्हती. त्यांनी गोरक्षनाथकडून यंत्राच्या खोलीची किल्ली घेतली आणि छबूबाईच्या हातात दिली. नळाच्या तोंडावर तिरका पत्रा बसवायचं काम भिमाजीला लागलं, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि वाफही अडणार नाही.

त्या दुपारी पाच चादरी पाऊण तासात वाळल्या. गोरक्षनाथ येऊन त्यांना हात लावून गेला आणि म्हणाला, नाशिकच्या माणसाने हे आधीच सांगायला हवं होतं. छबूबाईला कुबट वासाच्या सतरा चादरी पुन्हा सोड्यात उकळायच्या होत्या. तिने साळूबाईला भट्टी पेटवायला सांगितलं आणि पदर खोचून ती हौदाकडे निघाली.