न भाजलेल्या ढिगातली मी

“बायजा, पाला वाळला की भाज गं. राब भाजल्याबिगर भाताचं रोप धरत नाय!”

बायजाच्या सासूबाईंचा, अंबाबाईंचा, तो आवाज मला अजून आठवतो. मित्रांनो, मी त्या राबाच्या, म्हणजे भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर रचून भाजायच्या पाल्यातली एक जुनी बुरशी आहे. मला हात नाहीत, डोळे नाहीत. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक पांढरे धागे, एवढाच माझा देह.

दुसरे महायुद्ध संपले, त्या सालची गोष्ट. खालापूरजवळच्या आमच्या गावात अवकाळी पावसाने बायजाचा राब भिजला आणि बांधाकडेचा एक ढीग भाजायचा राहूनच गेला. शेजारची सुंदरा हसली, “राब रचलास का लोणचं घातलंस गं?” मी मात्र देवाचे आभार मानले. आग चुकली होती ना!

श्रावणात बायजाने परसात वांगी लावली. चातुर्मासात वांगे खायचे नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच तोंडी लावायचे, हा घरचा नेम. “देवा, पयली वांगी तुजी,” ती बोलली होती. पण रोपांनी माना टाकल्या. एक उपटून पाहते तो मुळांना गाठीच गाठी! डोळ्यांना न दिसणाऱ्या, सुतासारख्या कृमींचे ते काम.

“बाजारातनं आण चार,” तिचा नवरा मालोजी म्हणाला. “देव काय इचारतोय, कुणाच्या परसातली?”

“नाय. घरची बोललेय, घरचीच देईन.”

भुकेली असतील बिचारी, असे म्हणून तिने आमचा कुजलेला ढीग पाटीपाटीने रोपांच्या बुडाशी घातला. “आता वांग्यांना लोणचं वाढतेस व्हय?” सुंदराने पुन्हा टोमणा मारलाच.

मी मुळांपाशी पोचले. माझ्या धाग्यांना इवल्या कड्या असतात. कृमी आत शिरला की कडी आवळते. तेच माझे जेवण! माझे पोट भरत गेले, तशी रोपांना नवी मुळे फुटू लागली. सगळी काही वाचली नाहीत. वाचली त्यांना मात्र टपोरी वांगी लागली. सगळे म्हणाले, खंडोबा पावला. खरेच आहे ते. पण त्याच्या नैवेद्याला माझाही हात लागला, हात नसताना!

मित्रांनो, राब भाजाल तेव्हा पाटीभर पाला सावलीत कुजू द्या. तिथे आमची घरे असतात.

चंपाषष्ठीला बायजाने न्हाऊन भरीत केले, रोडगे केले. नैवेद्य पाटीत ठेवून वर केळीचे पान झाकले. बांधाकडे, तो ढीग होता तिथे क्षणभर थांबून तिने मातीला हात लावला, तो कपाळी नेला, आणि अनवाणीच खंडोबाच्या वाटेला लागली.